चाकांवरचं घर घेण्याआधी



हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, की आमच्या गटाची खरी बैठक सुरू होते. अशाच एका बैठकीत आमच्यातल्या बाई गप्प गप्प होत्या. बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य घालवलेल्या, गेल्या वर्षी अठ्ठावन्न पुरी झाली म्हणून निवृत्त झालेल्या. निम्म्या गावाला त्यांनीच अक्षरओळख करून दिलेली. काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, "ह्यांनी गाडी बघितलीय. आत झोपायची. पलंग, शेगडी, संडास, सगळं आतच. पंधरा लाख म्हणतोय. आता दोघं मिळून देश बघू म्हणतात."

आम्ही म्हटलं, मग चांगलंच आहे की! तर म्हणाल्या, "जायचं मलाही आहे. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या सहली काढल्या, मला स्वतःला निवांत काही बघता आलं नाही. पण पैसे माझ्या ग्रॅच्युइटीचे, आणि त्या गाडीत मी झोपणार कशी, उठणार कशी, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही."

त्या दिवसापासून तीन महिने आमच्या गटाला हाच विषय पुरला. गाडीतलं आमच्यापैकी कुणाला फारसं कळत नव्हतं. पण घर चालवायचं कळतं, आणि ही गाडी म्हणजे शेवटी घरच. आम्ही गाड्या बघायला गेलो, मिस्त्रीला विचारलं, आरटीओ कार्यालयात बसून आलो, कागद वाचले. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो. तुमच्या घरातही कुणी निवृत्त होणार असेल आणि मोबाईलवर अशा गाड्यांचे व्हिडिओ बघत बसत असेल, तर कामाला येईल.

तसं बघितलं तर चाकांवरचं घर आपल्याला नवीन नाही. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोरं, शेळ्या, भांडी, पीठ असं अख्खं घर असतं. धनगरांचे वाडे घोड्यावर संसार बांधून कोकणात उतरतात. फरक इतकाच, की ते पोटासाठी जातात आणि ही गाडी हौसेसाठी. म्हणून आमच्यातल्या एक आजी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पाल ठोकून राहायला पंधरा लाख लागतात होय?" त्यावर सगळ्या हसल्या. पण आजींचा प्रश्न आम्ही विसरलो नाही, पुढे तो पुन्हा येईलच.

आधी गाड्यांचे प्रकार समजून घ्या. मोटारहोम, कॅम्पर व्हॅन, कॅराव्हॅन ही नावं लोक कशालाही लावतात. साध्यात साधा प्रकार म्हणजे आपली नेहमीची व्हॅन किंवा जीप, मागची सीट काढून किंवा पाडून गादी टाकलेली. दुसरा प्रकार म्हणजे फोर्स ट्रॅव्हलर, टाटा विंगर अशा उंच छपराच्या गाडीत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवलेली. तिसरा म्हणजे बसच्या किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं मोठं घर, त्यात न्हाणीघरसुद्धा. आणि चौथा, गाडीच्या मागं जोडून ओढायचा डबा. हा चौथा परदेशात खूप चालतो. आपल्याकडं घाटात, बाजाराच्या गल्लीत ट्रॉली मागं घेणं काय असतं हे ट्रॅक्टरवाल्याला विचारा. पहिल्यांदा घेणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं मत आहे. खरी निवड पहिल्या तीन प्रकारांतच करायची असते.

बाईंच्या मालकांनी पाहिलेली गाडी होती तिसऱ्या प्रकारातली. जुनी शाळेची बस, आतून नवी केलेली. आम्ही सातजणी बघायला गेलो. विकणाऱ्यानं दार उघडलं आणि आधी काय दाखवलं असेल? टीव्ही. मग छताला लावलेले रंगीत दिवे. मग मखमलीचा सोफा. भाऊ, म्हणजे बाईंचे मालक, एकदम खूश. आम्ही मात्र आपल्या घरी जे बघतो ते बघायला लागलो.

पहिली गोष्ट, पायरी. जमिनीपासून पहिली पायरी गुडघ्याच्याही वर होती. बाईंचे गुडघे दुखतात. दिवसातून पंधरा-वीस वेळा चढ-उतार होणार, त्यात हातात पाण्याची बादली. धरायला दांडा नव्हता. दांडा बसवता येतो, पायरीही जोडता येते, पण ते आधी सुचलं पाहिजे.

दुसरी, पलंग. पलंग आडवा होता, गाडीच्या रुंदीत. पाठ सरळ करून झोपायचं तर माणसाच्या उंचीपेक्षा जरा जास्त लांबी हवी, सहा फूट तरी. भाऊ उंच आहेत, त्यांचे पाय पत्र्याला टेकत होते. आणि आडव्या पलंगावर एकजण आत, एकजण बाहेर. आतल्या माणसाला रात्री लघवीला उठायचं तर बाहेरच्याला ओलांडून यावं लागतं. साठीच्या आसपास रात्री किती वेळा उठावं लागतं हे सांगायला डॉक्टर नको. बाई म्हणाल्या, "आत मीच झोपणार हे ठरलेलंच असणार." म्हणून सांगतो, गाडी बघायला जाल तेव्हा लाजू नका, चप्पल काढून दोघांनीही पलंगावर आडवं व्हा. कूस बदलून बघा. अंधारात उठल्यासारखं डोळे मिटून संडासापर्यंत जाऊन बघा. पलंग रोज घडी घालून सोफा करायचा आहे की कायमचा आहे, हेही बघा. रोज संध्याकाळी टेबल काढा, फळी टाका, गादी अंथरा, हे पहिले दोन दिवस मजेचं वाटतं.

तिसरी, संडास. ह्या विषयावर गाडी विकणारे पुरुष भराभर पुढं जातात, म्हणून आम्ही तिथंच थांबलो. छोट्या गाड्यांत सुटा, उचलून नेता येणारा संडास असतो. खाली साधारण वीस लिटरची टाकी असते. दोन माणसांना ती दोन ते तीन दिवस पुरते, मग भरते. भरलेली टाकी म्हणजे वीस किलोचं ओझं. ती कुणीतरी उचलून, परवानगी घेऊन, एखाद्या संडासात रिकामी करायची आणि धुवायची. त्यात वास मारणारं रसायन टाकलेलं असतं, त्यामुळं ओढ्यात, शेतात, विहिरीजवळ ती ओतायची नाही. बाईंनी भाऊंना सरळ विचारलं, "हे कोण करणार?" भाऊ म्हणाले, "होईल की." आता "होईल की" म्हणजे कोण करणार, हे आम्हा सातही जणींना माहीत होतं. त्या दिवशी तिथंच ठरलं, की टाकी भाऊ रिकामी करतील. विकणाऱ्यासमोर ठरलं, त्यामुळं पक्कं झालं.

मग आम्ही गाडी काट्यावर न्यायला सांगितली.

हा भाग जरा नीट ऐका, कारण सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. आपल्या भागात साखर कारखाना आहे, बाजार समिती आहे, वजनकाटा कुठंही मिळतो. प्रत्येक गाडीच्या आरसी पुस्तकात दोन वजनं लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचं, दुसरं भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त. रिकाम्याचा आकडा कारखान्यातून निघालेल्या गाडीचा असतो. नंतर आत लाकडी कपाटं, पलंग, टाक्या, बॅटऱ्या बसवल्या की ते वजन तसंच राहात नाही. म्हणून पुस्तकावर जाऊ नका, काटा करा. विकणारा म्हणाला, "ताई, ऊस थोडाच भरायचाय?" पण नेली बिचाऱ्यानं.

पुस्तकात भरलेल्या गाडीचं वजन होतं 4,000 किलो. काट्यावर गाडी निघाली 3,610. टाकीत पाणी नाही, आत माणूस नाही. म्हणजे राहिले 390 किलो. आता आम्ही गटाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. दोन माणसं 135. पाण्याची टाकी 150 लिटरची, आणि पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, तर झाले 150. घरगुती गॅसच्या टाकीत गॅस 14.2 किलो आणि लोखंडाचं वजन वेगळं, मिळून एक टाकी तीस किलोच्या आसपास, आणि त्या गाडीत दोन टाक्यांची जागा केलेली, तर 60. उरले 45. अंथरूण, कपडे, भांडी, पीठ, तांदूळ, डाळ, औषधं धरून 80 किलो तरी होतंच. म्हणजे निघायच्या आधीच गाडी 35 किलो जादा. आणि अजून नातू चढलेला नव्हता.

जादा वजनानं काय होतं? घाट उतरताना ब्रेक तापतात आणि तापले की धरत नाहीत. टायर फुटतो. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. वजन किती, एवढंच बघून भागत नाही, ते कुठं आहे हेही बघावं लागतं. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. पाण्याची टाकी, बॅटरी, संडास सगळं मागच्या टोकाला असेल तर गाडी मागं बसते आणि पुढचं स्टेअरिंग हलकं होतं. पाण्याची टाकी खाली, दोन चाकांच्या मधे असावी. एका बाजूला सगळी कपाटं आणि दुसऱ्या बाजूला मोकळं, असंही नको. बैलगाडी भरताना हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, गाडीला इंजिन लागलं की मात्र आपण विसरतो.

विजेचं गणितही असंच वहीवर मांडता येतं. विकणारा म्हणाला होता, एसी रात्रभर चालेल. बाईंनी फळ्यावर मांडावं तसं मांडलं. आपल्या घरच्या इन्व्हर्टरला असते तसली 150 अँपिअर-तासाची, 12 व्होल्टची बॅटरी. दोन्ही आकडे गुणले की 1,800 वॅट-तास येतात. ॲसिडची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवली तर लवकर मरते, म्हणून वापरायचे 900. वीस वॅटचे दोन छोटे पंखे रात्री आठ तास चालले तर 320. पाच वॅटचे दोन दिवे चार तास, 40. दोन मोबाईल, 30. झाले 390. म्हणजे दोन रात्री निघतात. छोटा फ्रीज लावला की दिवसाला चारशे-पाचशे वाढले, मग एकच रात्र. आणि एसी? लहानात लहान घरगुती एसी हजार वॅटच्या आसपास ओढतो. नऊशे भागिले हजार, म्हणजे तासभरसुद्धा नाही. बाहेरून विजेची वायर जोडली तर एसी चालेल, नाहीतर इंजिन किंवा जनरेटर रात्रभर धडधडत ठेवायचा. विकणारा म्हणाला, छतावर सोलर आहे. सोलर चांगलंच, दोनशे वॅटच्या पट्ट्या स्वच्छ उन्हात दिवसाला सातशे-आठशे वॅट-तास देतात. पण गाडी उन्हात उभी केली तरच. उन्हाळ्यात आपण गाडी झाडाखाली लावणार, आणि पावसाळ्यात ऊन नाही. एवढं धरून चला. बॅटरी पलंगाखाली कोंडलेली नसावी, हेही बघा. चार्ज होताना तिच्यातून वायू निघतो, त्याला बाहेर जायला वाट हवी.

गॅसबद्दल तुम्हाला जास्त सांगायला नको, शेगडी आपल्याच हातात असते. तरी घर आणि गाडी यात फरक आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. घरात निदान दाराच्या फटीतून तरी जातो. गाडी म्हणजे बंद डबा. म्हणून टाकी ठेवतात त्या कप्प्याला तळाशी, फरशीत, बाहेर उघडणारी जाळी हवी. टाकी उभीच हवी, पट्ट्यानं बांधलेली. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. दोन मोठ्या टाक्यांपेक्षा 5 किलोची छोटी टाकी दोघांना पुरते आणि वजनही वाचतं. सगळ्यात महत्त्वाचं, थंडी आहे म्हणून शेगडी किंवा कोळशाचा शेगडा पेटता ठेवून काचा बंद करून कधीही झोपायचं नाही. त्यातून जो विषारी वायू होतो त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. गॅसगळतीची तक्रार करायचा नंबर 1906 आहे, तो दारामागं लिहून ठेवा.

आणि हो, गाडी चालू असताना कुणी पलंगावर झोपायचं नाही. मागं सोफा आहे, नातवंडं खेळतील, असं दाखवतात. जितकी माणसं जाणार तितक्या पट्टा असलेल्या, पुढं तोंड करून बसायच्या सीटा हव्यात. त्या बसमध्ये दोनच होत्या.

कागदांचं थोडक्यात सांगतो, पण हे सोडू नका. त्या गाडीच्या आरसीवर अजून शाळेची बस असंच लिहिलेलं होतं, सीटांची संख्याही जुनीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं गाडीत असा मोठा बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते आणि पुस्तकात नोंद करावी लागते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन असा वेगळा वर्ग नियमात आहे. विकणाऱ्यानं ती नोंद आधी करून द्यावी, मग पैसे. "नंतर करून घ्या, एजंट आहे," असं म्हणाला तर तो खर्च आणि ती डोकेदुखी आपली झाली. विमा कंपनीलाही बदल कळवलेला असला पाहिजे. प्रवासी वाहतुकीची गाडी असेल तर तिचं पासिंग वारंवार करावं लागतं, कर वेगळा लागतो. खासगी गाडीला पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण येतं. म्हणून जुनी गाडी घेताना ती किती वर्षांची आहे हे पहिल्या पानावर बघा.

परवान्याचंही बघा. हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7,500 किलोपर्यंतची गाडी चालवता येते, म्हणजे अशा बहुतेक गाड्या त्यात बसतात. पण वय पंचावन्नच्या पुढं गेलं की परवान्याचं नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांचं होतं आणि डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. भाऊ एकसष्टचे. मोतीबिंदू वाढतोय असं डॉक्टरांनी मागच्या वर्षीच सांगितलेलं. गाडीची निवड करताना हे कुणी धरलंच नव्हतं. घाटात भाऊंना चक्कर आली तर गाडी कोण चालवणार? बाईंना सायकलसुद्धा धड येत नाही.

आता आजींचा प्रश्न. पंधरा लाख. हे पैसे वरिष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले आणि व्याज वर्षाला 8.2 टक्के धरलं, तर वर्षाचे 1,23,000 होतात. महिन्याला दहा हजारांच्या वर. गाडी घेतली की हे व्याज गेलं, शिवाय विमा, टायर, दुरुस्ती, डिझेल वेगळं, आणि गाडीची किंमत दरवर्षी उतरतच जाणार. वर्षात तीस दिवस फिरलात तर नुसत्या बुडालेल्या व्याजाचेच दिवसाला 4,100 रुपये होतात. एवढ्यात चांगल्या लॉजची खोली मिळते आणि सकाळी चहा दारात येतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीच्या पुढं तर फुकट. आजी म्हणाल्या, "मी तर गाडीशिवाय सगळा महाराष्ट्र फिरीन." खरं आहे. वर्षात तीन-चार महिने खरोखर रस्त्यावर राहणार असाल तरच ह्या गाडीचा हिशोब जमतो. पण हौसेला मोल नसतं हेही तितकंच खरं, आणि बाईंना हौस होती. फक्त ती त्यांना त्यांच्या पद्धतीनं करायची होती.

म्हणून आम्ही सुचवलं, आधी भाड्यानं घ्या. महाराष्ट्रानं 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनंही त्याच वर्षी आणलं, आणि अशा गाड्या भाड्यानं देणारे आता आहेत. बहुतेक गाडीबरोबर ड्रायव्हर देतात. तो रात्री कुठं झोपणार, हे पैसे देण्याआधी विचारा. त्याच गाडीत पडदा लावून झोपणार असेल तर बाईमाणसाची झोप होत नाही.

बाई आणि भाऊ दोन रात्रींसाठी निघाले, आंबा घाटानं गणपतीपुळ्याला. गाडी दुसऱ्या प्रकारातली, उंच छपराची. परत आल्यावर बाईंनी बैठकीत जे सांगितलं ते कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती रात्री थांबायच्या जागेची. परदेशात अशा गाड्यांसाठी जागोजागी तळ असतात, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असते. आपल्याकडं अशी सोय अजून मोजक्या ठिकाणी आहे. त्यामुळं दुपारी चारलाच रात्रीची चिंता सुरू होते. पर्यटन महामंडळाच्या निवासाच्या आवारात, देवस्थानच्या भक्तनिवासापाशी, मोठ्या पेट्रोल पंपावर किंवा ओळखीच्या धाब्यावर विचारून थांबायचं. समुद्रकाठाला एकट्यानं गाडी लावून झोपायचं चित्र छान दिसतं, बाई म्हणाल्या, पण दर अर्ध्या तासानं कुणीतरी काचेतून डोकावून जातं. तेव्हा त्यांना एक गोष्ट कळली. मागच्या पलंगावरून खाली न उतरता आतूनच ड्रायव्हरच्या सीटवर जाता आलं पाहिजे. नको वाटलं तर दार न उघडता गाडी चालू करून निघून जाता येतं. त्या जुन्या बसमध्ये मधे फळी ठोकलेली होती. दारं आतून कडीनं लागली पाहिजेत, पडदे जाड हवेत, आणि 112 हा नंबर दोघांच्याही मोबाईलवर वर असावा.

दुसरी गोष्ट उकाड्याची. कोकणातली दमट रात्र, आणि पत्रा. एसी नव्हता. पण छताला हवा बाहेर फेकणारा पंखा होता आणि दोन्ही बाजूच्या खिडक्यांना डासांची जाळी, त्यामुळं रात्र निभावली. बाई म्हणाल्या, एसीपेक्षा जाळी महत्त्वाची. पत्र्याच्या आत उष्णता अडवणारा थर आहे का, हे तळहात लावून दुपारी बघायचं, सकाळी नाही.

तिसरी गोष्ट स्वयंपाकाची. पहिल्या दिवशी सकाळी पोहे, दुपारी भात-आमटी, संध्याकाळी भाकरी. दोन फुटांच्या ओट्यावर, डोकं कपाटाला आपटत. भांडी धुवायला पाणी मोजून. "घरी निदान मोरी तरी असते," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की गाडीत फक्त चहा आणि सकाळची न्याहारी होईल, जेवण खानावळीत. भाऊंनी तेवढ्यावर मान डोलावली, कारण भांडी विसळायची पाळी त्यांची होती. हे ठरल्यावर काय झालं बघा, मोठा ओटा नको, दोन टाक्या नकोत, दीडशे लिटर पाणी नको. दोघांना जपून वापरलं तर दिवसाला वीस-तीस लिटर पुरतं, म्हणजे साठ लिटरची टाकी भागवते. न्हाणीघरही नको, आंघोळ मुक्कामाच्या ठिकाणी. एकेक गोष्ट कमी झाली तशी गाडी लहान झाली, हलकी झाली, आणि किंमतही उतरली.

आणखी एक मजा सांगायची राहिली. वाटेत मलकापूरजवळ बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं सासर आहे. तिच्या अंगणात गाडी लावून झोपायचं ठरलं होतं. तिच्या सासूबाईंनी ऐकूनच घेतलं नाही. "आमच्या दारात येऊन मोटारीत झोपणार? लोक काय म्हणतील आम्हाला?" शेवटी दोघं माजघरात झोपले आणि ड्रायव्हर गाडीत पलंगावर पाय पसरून. आपल्या मुलखात ही अडचण राहणारच.

ती जुनी बस आम्ही नाकारली. विकणारा अजून फोन करतो, आता बारा लाखाला देतो म्हणतो. भाऊ एक दिवस रुसले, मग स्वतःच आमच्या वहीतलं मागचं पान मागून घेऊन गेले. सध्या त्यांचं लक्ष दुसऱ्या प्रकारातल्या, लांबीला आखूड गाडीवर आहे. पलंग उभा, दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा. सुटा संडास. छताला पंखा, खिडक्यांना जाळ्या, आतून पुढं जायला वाट. आरसीवर नोंद झालेली आहे, आम्ही बघितली. काटा अजून व्हायचा आहे, तो शनिवारी बाजारच्या दिवशी करणार आहोत. भाऊंच्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे, आणि ते होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत असं बाईंनी सांगून टाकलंय.

आणि बाई? त्यांनी शिकाऊ परवाना काढला. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. रोज सकाळी साडेसहाला तालुक्याच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी दारात येते. शिकवणारा पोरगा त्यांचाच विद्यार्थी, चौथीत गणितात मार खाल्लेला. काल त्यानं मैदानात त्यांच्याकडून आठ वेळा रिव्हर्स घेऊन घेतला, आणि दर वेळी म्हणाला, "बाई, परत एकदा."